वारी चुकली म्हणून पांडुरंग कोपत नाही गं

पत्र:

ताई, नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यात राहते, वय 38. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या मागच्या वर्षी निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, मीच घेऊन जाते. ते टेम्पो चालवायचे, ते बंद झालं. मी शिवणकाम करते, त्यात भागत नाही. सासूबाई माळकरी आहेत, आमच्या घरात महिन्याची वारी होती, पण धाकट्याच्या वेळेस आणि नंतर माझ्याच्याने जमलं नाही म्हणून चुकली. आता नात्यातले म्हणतात वारी मोडली म्हणून हे झालं. एका महाराजांकडे नेलं तर ते पण तेच बोलले, शांतीचे 21 हजार सांगितले, मिस्टरांच्या डाव्या हाताला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशनने रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला त्याच हाताला आहे) दोरा बांधला, काढा दिला. सासूबाई म्हणतात माझी किडनी घ्या, तर महाराज म्हणतात देवाने दिलेलं शरीर कापू नका. मिस्टर एवढ्या आजारपणात पण एकादशी सोडत नाहीत. मी देवापुढे बसते पण मन लागत नाही, डोक्यात नुसता हिशोब चालू असतो, आणि कधीकधी देवाचा इतका राग येतो की माझी मलाच भीती वाटते. आधी पांडुरंगापुढे उभं राहिलं की वाटायचं आता आपल्याला काही होणार नाही, ते वाटणं गेलंच. कधी वाटतं आम्ही दोघं एकदमच गेलो तर सुटू. मोठा मुलगा 12 वर्षांचा आहे, परवा विचारत होता, आई देव आपल्याला सांभाळतो तर बाबांना असं का झालं. मला काही बोलता आलं नाही. काय सांगू त्याला?

उत्तर:

अगं, देवाचं नंतर बोलू, आधी तो दोरा काढ. आत्ता, हे वाचता वाचता. फिस्टुला ज्या हाताला आहे त्या हाताला घट्ट काहीच बांधायचं नसतं, दोरा नाही, कडं नाही, घड्याळ नाही, त्या हातावर बीपी मोजायचं नाही, सुई टोचून रक्त काढू द्यायचं नाही आणि त्या हातावर डोकं टेकून झोपायचं पण नाही, कारण तिथला रक्ताचा प्रवाह अडला की फिस्टुला बंद पडू शकतो आणि डायलिसिस त्याच्यावरच चाललंय. फिस्टुलावर हलकेच बोटं ठेवली की थरथर लागते बघ, ती रोज बघत जा, लागली नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता लगेच सेंटरला फोन. सासूबाईंना वाईट वाटणार असेल तर तो दोरा देव्हाऱ्यात ठेव, फेकू नकोस, पण हाताला नको.

आणि काढा बंद. किडनी चांगली असते तेव्हा नको ते शरीराबाहेर टाकते, आता ते काम मशीन करतंय तेही आठवड्यातून तीनदाच, त्यामुळे झाडपाल्यातलं पोटॅशियम म्हण किंवा भस्मातले जड धातू म्हण, हे आतच साठत राहतं. शिवाय काढा म्हणजे पाणीच की, आणि पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनी मोजून दिलं असणार. बाटली पिशवीत टाक आणि पुढच्या डायलिसिसला डॉक्टरांना दाखव, आतापर्यंत किती घेतला तेही न लाजता सांग. डॉक्टर ओरडतील कदाचित, ओरडू देत.

आता तुझी ती एक ओळ. तू ती हिशोब आणि मुलगा यांच्या मधे हळूच सरकवलीस, दोघं एकदम गेलो तर सुटू. मी ती वाचून पुढे नाही जाऊ शकले. तू वाईट आहेस किंवा तुझी श्रद्धा कमी पडली म्हणून हा विचार येत नाही, रात्रंदिवस आजारी माणसाचं करणाऱ्या, झोप नसलेल्या, पैशाने पिचलेल्या कितीतरी लोकांना तो येतो. पण तो एकटीने डोक्यात फिरवत बसायचा नाही. आजच एका जिवंत माणसाला सांग, बहीण असेल, शेजारीण असेल, शिवणाच्या क्लासची मैत्रीण असेल, आणि 14416 हा नंबर फोनमध्ये सेव्ह कर, टेलीमानस म्हणतात त्याला, सरकारची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, रात्री दोनला पण लागते आणि मराठीत बोलता येतं. आणि नुसतं सुटू असं वाटण्याच्या पुढे जाऊन कसं करायचं, कधी करायचं असं काही मनात यायला लागलं तर तिथे थांबायचंच नाही, त्या क्षणी कुणालातरी उठवायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. तुझ्या मिस्टरांनाही मनातून असं वाटत असू शकतं बरं का, डायलिसिसवरच्या माणसांना नैराश्य येतं, पुरुष बोलत नाहीत इतकंच, त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर हे घाल.

हे बोलून झालं, आता पांडुरंगाकडे येते.

वारी मोडली म्हणून किडन्या गेल्या, असं ज्यांनी तुला सांगितलं त्यांनी तुझ्यावर अन्याय केलाय आणि विठोबावर त्याहून मोठा. बाळंतीण पोराला सोडून चंद्रभागेला आली नाही म्हणून तिच्या नवऱ्याच्या किडन्या काढून घेणारा देव, हा कुठला विठोबा? आमच्या ओळखीचा नाही हा. ज्याच्या दर्शनाला तू महिन्याच्या महिन्याला जायचीस तो तिथे विटेवर का उभा आहे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता, देव दारात आला तरी तो उठला नाही, वीट सरकवली आणि म्हणाला थांब जरा, आणि देव थांबला. चिडला नाही, शाप दिला नाही, पुंडलिकाच्या घरात आजारपण धाडलं नाही. अख्ख्या पंढरपुराची सुरुवातच अशी आहे की घरच्या माणसाचं करताना देवाला थांबावं लागलं तर तो थांबतो. मग तू तान्ह्या लेकरासाठी थांबलीस, आज नवऱ्यासाठी डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर बसतेस, तर तो तुझ्यावर कोपेल हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

आणि तू सोलापूरकडची, तुला मंगळवेढं सांगायला नको. पंढरपूरला महाद्वारातून आत जाताना नामदेव पायरीच्या समोर चोखोबांची समाधी लागते, तिथे तू कितीदा वाकली असशील. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, 1338 साल होतं, वेठीचे मजूर दबून मेले त्यात ते होते. नामदेवांनी जाऊन त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या. आता मला सांग, चोखोबांची कुठली वारी चुकली होती? त्यांची भक्ती कुठे कमी पडली होती? असं कुणी म्हणायची हिंमत करेल का? ज्या माणसाला त्याच्या हयातीत देवळाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही (त्याच्या माणसांसाठी ते दार उघडायला 1947 साल उजाडलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं), त्याच्याएवढा विठ्ठलाला धरून कोण राहिलं? भिंत कोसळली कारण भिंत कोसळली, आणि किडन्या गेल्या त्याला बहुतेकदा बीपी असतं, शुगर असते, वर्षानुवर्षं खाल्लेल्या पेनकिलर असतात, मुतखडे असतात, काही वेळा जन्मजात दोष असतो आणि काही वेळा शोधूनही कारण सापडत नाही. तुमच्या बाबतीत काय झालं ते डॉक्टरांना सरळ विचार, विचारायला लाजू नकोस. कारण एकदा कळलं की नातेवाईकांच्या तोंडाला लागायची गरज उरत नाही, आणि मुलांना पुढे काय जपायला पाहिजे तेही समजतं.

महाराजांच्या 21 हजारांबद्दल मी फार घोळवत नाही. देऊ नकोस. घरात काही वाईट झालं की घरातल्या बाईकडे बोट दाखवायचं आणि मग त्या भीतीची किंमत लावायची, यात देव कुठेच नसतो. दैवी शक्तीच्या नावाखाली लोकांना घाबरवून लुबाडण्याविरुद्ध महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे, दोषी ठरलं तर 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तू पोलिसात जा असं मी म्हणत नाहीये, तुझ्या मागे आधीच खूप आहे, पण घरातलं कुणी परस्पर पैसे द्यायला निघालं तर हे त्यांच्या कानावर घाल. आणि वारकरी पंथात देवाकडे जायला एजंट लागत नाही हे सासूबाईंना तुझ्याहून जास्त ठाऊक असणार, गळ्यात माळ आहे त्यांच्या. ज्ञानोबांनी हरिपाठात सांगूनच ठेवलंय की नाम घ्यायला काळवेळ लागत नाही, फी तर त्याहून नाही.

आता तुझ्या मनातल्या खऱ्या दुखण्याकडे. आधी वाटायचं आता आपल्याला काही होणार नाही, ते गेलं, असं तू लिहिलंस. मला वाटतं ते वाटणं जाणारच होतं गं, कधी ना कधी, कारण ते वचन पांडुरंगाने कधी दिलंच नव्हतं. आपण त्याच्यापुढे हात जोडून उभे असतो, गर्दीतून कसेबसे आत आलेलो असतो, डोळे भरलेले असतात आणि मनाने आपणच ठरवतो की आता काही वाईट होत नाही. आपलं त्याच्यात चुकतं असंही नाही, लेकरू आईच्या कडेवर असताना असंच समजतं. पण ज्या लोकांनी विठ्ठलाला सगळ्यात घट्ट धरलं त्यांच्या आयुष्यात काय काय झालं ते एकदा बघ.

तुकोबा घे. देहूचं खातंपितं घर, वाण्याचं दुकान, सावकारी, घरात पिढ्यानपिढ्या विठ्ठल. आणि 1630 च्या आसपास तो भयंकर दुष्काळ पडला दख्खनमध्ये. धंदा बुडाला, गावातली पत गेली, थोरली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. हे लोकांनी मागून रचलेलं नाहीये, बायकोचं आणि दिवाळ्याचं त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय, काहीही न लपवता, लाज वाटली तेही सांगितलंय, या दुःखाने त्रासलो तेही सांगितलंय. आणि त्याच अभंगात पुढे काय येतं माहितीये? देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त करावं असं मनात आलं. मी हा अभंग जितक्यांदा वाचते तितक्यांदा इथे अडकते. ज्या देवाने बायको वाचवली नाही त्याचं देऊळ? पण मला आता असं वाटतं की त्या माणसाला कुठेतरी टेकायला जागा पाहिजे होती, आणि होती ती जागा पण पडायला आलेली होती, मग आधी ती उभी केली. काही होणार नाही या खात्रीने त्यांनी विठोबाला धरलं नव्हतं. सगळं होऊन गेल्यावर, सगळ्यात वाईट ते होऊन गेल्यावर धरलं, आणि मग तो धरलेला हात शेवटपर्यंत सुटला नाही.

मला देवाजवळची सुरक्षितता अशी कळलीये. बाहेर तुला दिवसभर खंबीर राहावं लागतं, पोरांसमोर हसावं लागतं, मिस्टरांसमोर रडता येत नाही, सासूबाईंच्या डोळ्यात बघता येत नाही, दुकानदाराला उधारीचं सांगताना आवाज नॉर्मल ठेवावा लागतो. एक जागा अशी पाहिजे जिथे यातलं काही करावं लागणार नाही आणि तू कशीही आलीस तरी कुणी हाकलणार नाही. तो आजार बरा करेल की नाही हे मला सांगता येणार नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्याच्यापासून लांब राहा. पण ही जागा तो देतो, हे मी मनापासून लिहितेय, माझ्या स्वतःच्या वाईट दिवसात ती मला मिळालीये.

म्हणूनच तुझ्या रागाची भीती बाळगू नकोस. देवाचा राग येतो म्हणजे तो आहे असं तुला अजून वाटतंय, नसलेल्यावर कोण रागावतं? आणि आपल्याकडे रागावायची केवढी मोठी परंपरा आहे! जनाबाईने विठ्ठलाला काय काय शिव्या घातल्यात, विठ्या म्हणाली, कारट्या म्हणाली, आज कुणी तसं बोललं तर लोक मारायला धावतील, पण तिचे ते अभंग आपण अजून म्हणतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या तेव्हा ते काठावर अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसून राहिले असं सांगतात, म्हणजे देवाच्या दारात धरणंच की ते. त्यामुळे तुला आज म्हणावंसं वाटलं की विठ्या तू मला फसवलंस, तर म्हण. मोठ्याने म्हण. तो अठ्ठावीस युगं कमरेवर हात ठेवून ऐकत उभा आहे, तुझ्या एका वाक्याने विटेवरून खाली पडणार नाही.

जपात मन लागत नाही, हिशोब चालू असतो, असं म्हणालीस. मग हिशोबच सांग ना त्याला. शिलाईचे इतके आले, रिक्षाला इतके गेले, इंजेक्शन इतक्याचं, फी भरायची राहिलीये. डोळे मिटून, पाठ ताठ करून, मन रिकामं करून बसणं तुला सध्या जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. जनाबाई दळताना बोलली, शेण्या वेचताना बोलली, तू मशीनवर बसून बोल. डायलिसिसचे चार तास बाहेर बसतेस तेव्हा मोबाईलमध्ये रील्स बघण्यापेक्षा (बघ, त्याही बघ, डोकं हलकं होतं कधीकधी) हरिपाठ म्हणत जा, तुला तो पाठ असणारच, लक्ष नाही लागलं तरी चालेल, ओठांना सवय आहे ते म्हणत राहतील आणि मागून मन येईल किंवा नाही येणार. शेजारी बसलेल्यांशी पण बोल. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर एक मुसलमान बाई तस्बीह, म्हणजे त्यांची जपमाळ, घेऊन बसायच्या, मी आपली नामस्मरण करत बसायचे, आणि न ठरवताच आम्ही एकमेकींच्या पेशंटचं नाव आपापल्या देवाला सांगायला लागलो. त्यांचा मुलगा बरा झाला, माझे वडील गेले. त्या निघताना माझ्या गळ्यात पडून रडल्या. देव कुठे होता असं मला त्या दिवसांबद्दल कुणी विचारलं तर मी आधी त्या बाकाचं नाव घेते.

पाळीच्या दिवसात देव्हाऱ्यापाशी जायचं नाही असं तुमच्याकडे असेल तर त्या दिवसात पण नाम बंद करू नकोस. सोयराबाई, चोखोबांची बायको, तिने सातशे वर्षांपूर्वी विचारलं होतं की विटाळ विटाळ म्हणता, तो नसलेला देह दाखवा. तिच्यापुढे बोलायची आपली कुणाची टाप आहे?

एकादशीचं मात्र तुला जरा कडक व्हावं लागेल. मिस्टरांचा भाव मला समजतो, आणि सगळं हातातून गेलेलं असताना निदान हा नेम तरी माझा आहे असं त्यांना वाटत असणार, त्यामुळे त्यांच्यावर चिडून नको, शांतपणे बोल. पण आपल्या उपासाच्या ताटात काय असतं बघ, बटाटा, रताळं, केळी, खजूर, शेंगदाण्याचं कूट, वर नारळपाणी. डायलिसिसच्या पेशंटला जे जपून खायला सांगतात नेमकं तेच सगळं एका ताटात. पोटॅशियम वाढलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं, आणि ते आधी जाणवतही नाही नेहमी. आजारी माणसाला उपवासाची सक्ती नाही हे कुठलेही जाणते महाराज, मी खऱ्या फडावरच्या महाराजांबद्दल बोलतेय, सांगतील. डाएटिशियनला विचारून त्या दिवशी काय चालेल ते ठरवा, आणि एकादशी म्हणून काहीतरी हवंच असेल तर त्या दिवशी तुळशीचं पान तोंडात ठेवून दोघांनी मिळून पाच अभंग म्हणा. तीर्थसुद्धा पळीभरच, ते पण दिवसाच्या पाण्यात मोजायचं.

वारीचं पण सांगते. तब्येत जरा स्थिर असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या आडदिवशी, एकादशीची गर्दी टाळून, दोघं जाऊन या. पदस्पर्शाची रांग नको, मुखदर्शन घ्या, तेही जमण्यासारखं नसेल तर नामदेव पायरीला हात लावून कळसाला हात जोडा. आषाढीला लाखो माणसं कळस बघूनच परत फिरतात आणि त्यांची वारी पोचत नाही असं आजपर्यंत कुणी म्हटलेलं नाही. नाहीच जमलं तर सासूबाई जाऊन येतील, तुमच्या घराची वारी चालूच आहे.

सासूबाई किडनी द्यायला तयार आहेत हे वाचून मला भरून आलं. घरात एवढं प्रेम आहे आणि त्याच्या आड कुणी बाहेरचा येतो, देवाचं नाव घेऊन, याचा मला फार राग आला. देवाने दिलेलं शरीर कापू नका म्हणे. अगं, आई स्वतःच्या अंगातला तुकडा काढून लेकराला देते याच्याहून देवाच्या जवळचं काम कुठलं असतं? त्यांचं वय, बीपी, शुगर, दोन्ही किडन्यांचं काम हे सगळं तपासल्यावरच डॉक्टर हो किंवा नाही सांगतील, एका किडनीवर माणूस नीट जगतो पण तपासणीत जरा शंका आली तरी डॉक्टर नाही म्हणतात, आणि तसं झालं तर सासूबाईंनी स्वतःला दोष द्यायचा नाही हे आत्ताच बोलून ठेवा. आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा-बायको, मुलं, हे 1994 च्या कायद्यात जवळचे नातेवाईक धरलेत त्यामुळे कागदपत्रांचा त्रास तुलनेने कमी. घरातलं कुणी जुळलं नाही तर ट्रान्सप्लांट होतात अशा हॉस्पिटलमधून मिस्टरांचं नाव प्रतीक्षा यादीत घालून घ्या, तुमच्या भागाचं ते काम पुण्याची झेडटीसीसी, म्हणजे दान केलेल्या अवयवांचं वाटप बघणारी संस्था, बघते. वेळ लागतो, पण नाव तरी आत्ताच लागू दे.

पैशाचं. रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजना असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात त्यांना भेट, डायलिसिस त्या योजनेत बसतं आणि आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे. तुम्ही सध्या पैसे भरून करत असाल तर हे आधी करायचं काम आहे, शिवणाचं नंतर. सिव्हिललाही विचार, जिल्हा रुग्णालयांमधून गरीब रुग्णांसाठी मोफत डायलिसिसची केंद्र सरकारची योजना 2016 पासून आहे. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना 10 टक्के बेड निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के सवलतीत ठेवावे लागतात, तिथल्या सोशल वर्करला नावानिशी शोधून भेट. फॉर्म भरायला, झेरॉक्स काढायला, रांगेत उभं राहायला वारी मोडली म्हणणारे नातेवाईक पाठव, त्यांना एवढी काळजी आहे तर एक दिवस त्यांनी डायलिसिसला पण बसावं.

आता मुलगा. तो 12 वर्षांचा आहे म्हणजे त्याला सगळं दिसतंय, त्यामुळे देव आहे ना मग सगळं ठीक होईल असं त्याला सांगू नकोस, उद्या तसं झालं नाही तर तो तुझ्यावर आणि देवावर, दोघांवरचा विश्वास एकाच दिवशी गमावून बसेल. त्याला शेजारी घेऊन बस आणि म्हण, बाबांना का झालं ते मला माहीत नाही, मी पण देवाला हेच विचारते आणि कधीकधी त्याच्याशी भांडते पण. त्याला सांग की ही देवाची शिक्षा नाही, बाबांनी, आईने, आजीने किंवा तुझ्या धाकट्या भावंडाने काही केलं म्हणून झालेलं नाही, हे मात्र नक्की सांग, कारण घरात वारी चुकल्याची चर्चा त्याने ऐकलेली असणार आणि धाकट्याच्या जन्माशी त्याने ती जोडलेली असणार, मुलं जोडतात. देव कसा सांभाळतो असं परत विचारलं तर खरी गोष्ट सांग, आजी स्वतःची किडनी द्यायला निघालीये, डायलिसिसच्या सिस्टर बाबांना नावाने हाक मारतात, अमुक काकांनी रात्री गाडी काढली, मला वाटतं तो असा सांभाळतो. तुला नाही पटलं तरी चालेल. आणि तो बाबा मरणार का असं विचारेल, आज ना उद्या विचारेलच, तेव्हा नाही म्हणून मोकळी होऊ नकोस, सांग की आजार मोठा आहे, डायलिसिसवर लोक वर्षानुवर्षं राहतात, आपण ट्रान्सप्लांटसाठी धडपडतोय, आणि काहीही झालं तरी तू एकटा पडणार नाहीस. शाळेत त्याच्या वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती कळवून ठेव. सुट्टीच्या दिवशी एकदा त्याला डायलिसिस सेंटरला ने, सिस्टरना विचारून, मशीन बघितलं की त्याची अर्धी भीती कमी होईल, मुलं मनात त्याहून भयानक काहीतरी बघत असतात.

काढ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले आणि आरोग्यमित्र भेटले का, हे दोन्ही मला लिहून कळव. आणि त्या एका ओळीबद्दल कुणाशी बोललीस तेही.